ते अकरा दिवस दादा कुठे होते

फोन वहिनींचाच आला. साताऱ्यात आमच्या आळीला सकाळी तासभर पाणी येतं आणि त्या तासात मी कुणाचा फोन घेत नाही, हे माझ्या ओळखीच्या सगळ्यांना माहीत आहे. तरी तो वाजत राहिला. शेवटी बादली तशीच वाहू दिली आणि उचलला. "मंगल, दादा गेले गं," वहिनी म्हणाल्या... आणि पुढं अगदी शांत आवाजात, "चहा मागितला. मी करून आणला, तोवर गेले." त्या रडल्या नाहीत. मीच बावचळले. काय बोलावं सुचेना, म्हणून "साखरेचा चहा मागितला का?" असं काहीतरी भलतंच विचारून बसले. दादांना मधुमेह होता. "हो, साखरेचाच," वहिनी म्हणाल्या. "रोज नाही म्हणायची, आज टाकली होती." फोन ठेवल्यावर किती तरी वेळ मी नळापाशी उभी होते. मोरीभर पाणी झालं होतं.

दुपारपर्यंत आमच्या जुन्या पोलिसांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली आणि प्रत्येकाखाली एकच वाक्य, 'कर्तव्यदक्ष अंमलदार हरपला.' मला या शब्दाचा राग आहे. आमच्या खात्यात माणूस मेला की तो कर्तव्यदक्ष होतो, मग हयातीत ठाण्यात बसून डुलक्या का काढत असेना. यशवंत शेवाळे, शिपाई म्हणून भरती झालेले आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेले, आम्हा सगळ्यांचे दादा, हे कर्तव्यदक्ष होते की नाही मला सांगता येणार नाही. हजेरीला अनेकदा उशिरा यायचे. कागद घरी विसरायचे, मग वहिनी कुणाच्या तरी हाती पाठवून द्यायच्या. पण 'मी तिथं नव्हतोच साहेब' असं जेव्हा माणूस म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात नेमकं काय चाललेलं असतं, हे दादांइतकं कळणारा दुसरा माणूस मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही. आणि त्याच माणसाच्या घरात, तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी, तोच प्रश्न निघाला.

सावडण्याच्या दिवशी मी कराडला त्यांच्या घरी गेले होते. बायकांच्या घोळक्यातून वहिनींनी मला खुणेनं मागच्या पडवीत बोलावलं. दार लोटून घेतलं. "तू त्यांची रायटर होतीस. त्यांचे सगळे जबाब तू लिहिलेस. आता मला एक खरं सांग. चार वर्षांपूर्वी हे अकरा दिवस रोज सांगलीला जायचे. सकाळच्या एसटीनं जायचे, दिवेलागणीला यायचे. विचारलं की म्हणायचे, पेन्शनचं काम. यांची पेन्शन साताऱ्याहून येते, सांगलीत कसलं काम? आणि मधे एक रविवार होता. रविवारी कुठलं ऑफिस उघडं असतं गं?" त्यांनी माझा हात धरला. "त्याच दिवसांत माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मी किती घाबरट आहे तुला माहीत आहे. दहाच्या आत येतो, तुझ्याजवळच थांबतो, म्हणून शब्द देऊन गेले. डोळ्यावर पट्टी, मला काही दिसत नाही, मी आपली हात पुढं करतेय... तर हातात पोराचा हात आला. संध्याकाळी आले, उशाशी बसले, एक अक्षर बोलले नाहीत. चार वर्षं मी पण विचारलं नाही. म्हटलं, सांगतील कधीतरी. आता कुणाला विचारू? मनात वाईट वाईट येतं गं. ते माझ्याजवळ नव्हते, ते कुठं होते एवढंच मला पाहिजे."

मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं. तसं सांगितलं तर त्यांचा विश्वास बसला नाही, आणि मला पोलिसात राहूनही पहिल्यांदाच कळलं की खरं बोलूनही समोरच्याला खोटं वाटणं काय असतं. कराडहून परत येताना गाडीत मी रागावलेली होते, आणि राग गेलेल्या माणसावर होता. म्हटलं, दादा, जन्मभर लोकांची कच्ची कारणं पकडलीत आणि स्वतःच्या बायकोला रविवारी पेन्शनचं काम सांगता?

मी त्यांच्या हाताखाली आले तेव्हा स्वतःला फार शहाणी समजायची. अक्षर चांगलं, लिहिण्याचा वेग चांगला, म्हणून मला रायटरचं काम दिलं. दर सोमवारी हजेरीनंतर दादा आमच्यातल्या कुणाला तरी एकाला धरायचे. एका सोमवारी माझी पाळी आली. "मंगलबाई, तीन आठवड्यांमागच्या बुधवारी दुपारी चार वाजता तुम्ही कुठं होता?" मी थांबलेसुद्धा नाही. बुधवार म्हणजे कोर्ट. "कोर्टात." "नक्की?" "पोरांची शप्पथ, दादा." "काय खाल्लं होतं?" "कोर्टाबाहेरचा वडापाव, आणि तो गार होता." वर आणखी, सरकारी वकील माझ्यावर कसे खेकसले तेही मी रंगवून सांगितलं. दादांनी स्टेशन डायरी उघडून माझ्यापुढं सरकवली. त्या बुधवारी मी कोयनानगरला बंदोबस्ताला होते. खाली माझीच सही. घाटातल्या वळणांनी गाडी लागून मला दोनदा उलटी झाली होती, हे डायरी बघितल्यावर आठवलं. सगळं ठाणं खदाखदा हसलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा दादा हसले नाहीत. म्हणाले, "बाई, तुम्ही खोटं बोलला नाहीत. फक्त तो बुधवार सांगायचा सोडून तुमचा नेहमीचा बुधवार सांगितलात. आता समजा तुमच्यावर खुनाचा आळ असता. तर त्या गार वडापावानं तुम्हाला आत घातलं असतं."

पुढं कळत गेलं की दादांच्या कामाची सगळी मेख इथंच होती. ज्यानं काही केलेलंच नाही, त्यानं तो दिवस लक्षात का ठेवावा? त्याच्या लेखी तो इतर चार दिवसांसारखाच एक दिवस. तो चाचरतो, वेळा चुकवतो, काल एक आणि आज दुसरंच सांगतो. केलेल्या माणसाला मात्र तो दिवस पाठ असतो. शिरवळच्या एका कंपनीतला तरुण तर एसटीच्या तिकिटापासून चहाच्या बिलापर्यंत सगळे कागद ओळीनं टाचून घेऊन आला होता. दादा त्याला काहीच म्हणाले नाहीत. तो बाहेर गेल्यावर मला म्हणाले, "टपरीवरच्या चहाचं बिल मागून घेणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला." महिन्याभरानं त्यानंच कबुली दिली. आणि तिसरी एक जात असते, दादा म्हणायचे, ती सगळ्यात अवघड. गुन्हा केलेला नसतो, तरी माणूस ठरवून खोटं सांगतो. "खोटं बोलायला गुन्हा लागत नाही, बाई. लाज पुरते, नाहीतर माया पुरते." मला तेव्हा हे शाळेच्या फळ्यावर लिहायच्या सुविचारासारखं वाटलं होतं. खरं सांगायचं तर मी मान डोलावून लिहायला लागले होते.

मग ते उसाचं प्रकरण आलं. माणसं हयात आहेत म्हणून गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावंही बदलते. कराडच्या दक्षिणेला, सांगली जिल्ह्याच्या हद्दीला लागून एक गाव आहे. तिथं तात्या आणि नाना असे दोन सख्खे भाऊ. तात्या थोरले, जन्मभर शेतीत. नाना धाकटे, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. वाटण्या झाल्यावर विहिरीच्या पाळीवरून भांडण लागलं, बायका-पोरांत हाणामारी झाली आणि दोघांनी देवळात जाऊन बेलभंडारा उचलला. आमच्या भागात बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन केलेली शपथ म्हणजे साधी गोष्ट नाही, ती मोडून कुणी घरात सुखानं जेवत नाही. त्याला अठरा वर्षं झाली होती. एका दुपारी चारच्या सुमाराला तात्यांचा दोन एकर ऊस पेटला. बांधावर वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करणाऱ्या एका म्हातारीचे दोन्ही हात भाजले. तीनच दिवस आधी पाण्यावरून तात्यांचा मुलगा आणि नाना यांची बाचाबाची झाली होती, आणि सगळ्या गावासमोर नाना म्हणाले होते, "जळंल तुझा ऊस!" मग काय, मुलानं फिर्याद दिली आणि आम्ही गावात गेलो.

चावडीत खुर्च्या मांडल्या, सरपंच, पोलीस पाटील, अर्धं गाव भोवती. नानांना विचारलं, आग लागली तेव्हा कुठं होता? ताठ उभे राहून म्हणाले, "घरात. झोपलो हुतो." मी लिहून घेतलं. संध्याकाळपर्यंत तीन माणसांनी सांगितलं की दुपारी दोनच्या इस्लामपूर गाडीत नानांना चढताना त्यांनी पाहिलं. मोबाईल मात्र घरीच होता. आमचे साहेब तरुण, हुशार. म्हणाले, लष्करातला माणूस आहे, मोबाईल मुद्दाम घरी ठेवला, गाडीत चढून पुढच्या थांब्याला उतरला आणि रानातून मागं आला. मलाही ते पटलं. नुसतं पटलं नाही, मी दादांना म्हणाले, "खोटं बोललाय तो धडधडीत. अजून काय पाहिजे?" नानांना अटक झाली, कोर्टानं चार दिवसांची कोठडी दिली. ठाण्यातही ते तेच सांगत राहिले. "एकदा तोंडातनं गेलं त्ये गेलं. लिवा तसंच."

आता तात्या. दादा त्यांच्या घरी गेले, मी बरोबर होते. घराच्या पुढच्या सोप्यात बसलेल्या त्या म्हाताऱ्याला दादांनी विचारलं, "तुमचा भाऊ असं करंल असं वाटतं तुम्हाला?" तात्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. पुन्हा विचारलं. ओठ थरथरले, पण शब्द नाही. मुलगा म्हणाला, "बघा, आमचे वडील त्याचं नावसुद्धा घेत न्हाईत, इतका राग हाय." मी तेही टिपून घेतलं. बाहेर आल्यावर दादा जीपमध्ये न बसता देवळाकडं चालायला लागले. मला म्हणाले, "रागावलेला माणूस गप्प बसत नाही, बाई. रागावलेला बोलतो."

देवळाचा गुरव म्हातारा होता, पण शपथ त्याला शब्दन् शब्द पाठ. शिवेच्या आत, म्हणजे गावच्या हद्दीत, एकमेकांशी बोलणार नाही, एकमेकांचं नाव घेणार नाही, एकमेकांच्या दारात पाऊल टाकणार नाही. "शिवेच्या आत कशाला?" दादांनी विचारलं. गुरव हसला. "आवं, त्यांची आई हुती तवा जित्ती. पोरं भंडारा उचलाय लागली तशी मधीच म्हनली, शिवंच्या आत म्हना. भायेरचं देवाला कशाला सांगायचं?" दादा तिथंच पायरीवर बसले. कपाळावर हात मारून घेतला त्यांनी. "चूक आपली आहे, बाई," म्हणाले. "दोघांनाही आपण गावात बसवून विचारलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तात्यांना म्हणाले, जरा चला आमच्याबरोबर, एक ठिकाण दाखवायचं आहे. मुलगा शेतावर होता. जीपमध्ये तात्या मुकाट बसून होते, मी मागं पॅड घेऊन. गावाच्या ओढ्यावर एक लहान पूल आहे, तिथं शीव संपते. पूल ओलांडून पन्नास पावलांवर दादांनी गाडी थांबवायला सांगितली. म्हणाले, "तात्या, शीव मागं राहिली." तात्यांनी वळून पुलाकडं पाहिलं. मग आमच्याकडं. आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, "त्यो माझ्यासंगं हुता."

अठरा वर्षं ते दोघं दर बाजाराला इस्लामपुरात भेटत होते. गावची माणसं कराडच्या बाजाराला जातात म्हणून हे इस्लामपूरला. एक दोनच्या गाडीनं, दुसरा आधीच्या गाडीनं. मोबाईल घरी ठेवून, कारण पोरं-सुना सारखं 'कुठं हाय?' विचारतात. स्टँडजवळ एक रसवंती आहे, तिथं दोघं तासन् तास बसायचे, दातांना झोंबतो म्हणून बिनबर्फाचा रस प्यायचे. घरी एकरांनी ऊस उभा, आणि हे दोघे रसवंतीवर! मला हसू आलं. आग लागली तेव्हाही ते तिथंच होते. "मग आधी का सांगितलं नाहीत?" मी जरा जोरातच बोलले. "भाऊ कोठडीत आहे तुमचा!" तात्या माझ्याकडं बघत राहिले, मला एवढंही कसं कळत नाही असं बघत. "बाई, तुमी गावात इचारलं."

रसवंतीवाल्याकडं गेलो. त्यानं फोटो बघून ओळखलं. "ह्ये दोघं? लय जीव हाय गड्यांचा एकमेकांवर. काय झालं वो त्यांना?" तरी आमचे साहेब ऐकेनात. म्हणाले, सख्खा भाऊ आहे, भावाला वाचवायला काहीही सांगेल. दादांनी अगदी अदबीनं विचारलं, "साहेब, परवापर्यंत तुम्हीच म्हणत होता ना, ते एकमेकांचे वैरी आहेत?" मग रानात पुन्हा जाऊन नीट पाहिलं, तर उसावरून गेलेल्या विजेच्या तारा लोंबत होत्या आणि एका जागी घासून काळ्या पडल्या होत्या. कुणीच काही पेटवलं नव्हतं. गुन्हाच नव्हता, आणि त्यापायी एक माणूस चार दिवस आत बसला होता. नाना कोठडीतून बाहेर पडताना दादांनी त्यांना विचारलं, इथं ठाण्यात तरी सांगायचं होतं, ठाणं काय शिवेच्या आत आहे? नाना म्हणाले, "सांगितलं असतं तर तात्याच्या पोराला कळलं असतं. बाप-ल्योकात जुपली असती. चार दिसाचं काय, काढलं असतं."

तात्यांचा जबाब ठाण्यात मीच लिहिला. त्यांनी सही केली तेव्हा मुलगा समोर उभा होता, आणि तो बापाकडं न बघता निघून गेला. तात्यांची बायको तेवढी कमरेवर हात देऊन म्हणाली, "तरीच! अठरा वरसं इचारतीया, दिसभर बाजारात बसून ही असली निबर वांगी कशी आनतासा?" गावानं चार दिवस चघळलं, मग विसरलं. शपथ मात्र होती तशीच राहिली, कारण ती मोडलेली नव्हतीच. त्यानंतर मी सोमवारी कुणाला हसले नाही. दादा म्हणाले होते ते मी माझ्या वहीत लिहून ठेवलं: आपण माणसाला विचारतो कुठं होतास, पण तो आधी बघतो आत्ता आपण कुठं उभे आहोत. पुढं दादा निवृत्त झाले, दोन वर्षांनी मी. त्या भावांचं पुढं काय झालं, ते दादांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दहाव्याच्या दिवशी मी पुन्हा कराडला गेले. घाटावरचं आटोपून सगळे घरी आलो तर दारात एक उंच, वाळलेला म्हातारा काठी घेऊन उभा. पाठ मात्र ताठ. मी ओळखलं. नाना. बातमी उशिरा कळली म्हणाले. मी त्यांना सोप्यात बसवलं, पाणी दिलं, आणि इतक्या वर्षांत जे बोलले नव्हते ते बोलून टाकलं. "नाना, मी तुम्हाला दोषी धरलं होतं." त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मीबी धरलं असतं, बाई. मी खोटं बोललोच हुतो की." मग आत बघत म्हणाले, "वहिनींना बोलवा. मला त्यांची माफी मागायची हाय. लय उशीर झाला."

वहिनी येऊन उंबऱ्यापाशी बसल्या. त्यांना हा माणूस कोण ते माहीत नव्हतं, मी दोन वाक्यांत सांगितलं. नाना बोलायला लागले, ते खाली बघूनच. चार वर्षांपूर्वी तात्यांच्या किडन्या गेल्या. मिरजेला दवाखान्यात ठेवलं. दवाखाना काय शिवेच्या आत नाही, त्यामुळे नाना तिथं जाऊन बसले, रात्रंदिवस. तात्यांची बायको आधीच वारली होती. मग डॉक्टर म्हणाले, आता काही उरलं नाही, घरी न्या. मुलानं गाडी ठरवली. आणि तात्यांनी खाटेचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला, सोडेनात. "घरी न्हेऊ नगा." मुलाला वाटलं, म्हातारा मरणाला भ्याला. नानांना कळलं होतं, पण बोलायचं कुणी? कुठल्या तोंडानं म्हणायचं, की बापाला त्याच्या घरात नेऊ नकोस, तिथं मला येता येणार नाही? नानांनी दादांना फोन लावला. दादा मिळेल त्या एसटीनं मिरजेला आले आणि जिन्यात मुलाशी बोलले. काय बोलले ते नानांना माहीत नाही. पोरगा मात्र जिन्यातच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

मग दादांनी त्याच दिवशी सांगलीत नदीच्या बाजूला एक खोली बघून दिली. तिथं तात्यांना ठेवलं. "अकरा दिस," नाना म्हणाले. "वाटण्या झाल्यापासनं आमी दोघं भाऊ एका घरात निजलो न्हवतो. अकरा दिस निजलो." रात्री नाना जागायचे, म्हणून दिवसा त्यांचा डोळा लागायचा. तेवढ्या वेळ दादा तात्यांचा हात धरून बसायचे. रोज कराडहून येऊन. मुलानं हात जोडून एवढंच मागितलं होतं की हे कुणाला कळू देऊ नका, गाव म्हणेल, पोरानं बापाला मरायला भाड्याच्या खोलीत टाकलं. गावाला तात्या दवाखान्यातच आहेत असं सांगायचं ठरलं, आणि दादांनी शब्द दिला. आणि वहिनींचं माहेर नेमकं शेजारच्या गावचं, सख्खी बहीण तर तात्यांच्याच गावात दिलेली. "दादा म्हनायचं, सगळ्या मुलखाला सांगितलं तरी चालंल, फकस्त आमच्या घरी न्हाई."

"शेवटच्या दिवशी," नाना म्हणाले, "सकाळी आलं ते म्हनलं, नाना, आज बसत न्हाई. मंडळींचं डोळ्याचं आपरेशन हाय, परत जायचं हाय. उठलं. चप्पल घातली. तेवढ्यात तात्याचा श्वास बदलला. मी लढाईत मानसं मरताना बघितल्यात, वहिनी. पर ह्यो माझा भाऊ हुता. मी त्यांचा हात धरला, म्हनलं, दादा, मला एकट्याला टाकून जाऊ नगा. त्यांनी घड्याळ बघितलं. चप्पल काढली, बसलं. तात्या दुपारी गेला. मी खांदा दिला माझ्या भावाला... सांगलीच्या घाटावर, शिवेच्या भायेर. त्ये तुमच्यापाशी न्हवतं त्यो दोष माझा. माझ्यापाशी हुतं."

 ज्या माणसासाठी दादांनी साक्ष शोधून काढली होती, तो आज दादांसाठी साक्ष द्यायला आला होता, आणि ऐकणारी एकच होती. आणि मला त्या रविवारच्या पेन्शनचंही कळलं. दादांना पक्कं खोटं रचता येत नव्हतं असं थोडंच होतं? जन्मभर दुसरं केलं काय त्यांनी, पक्की खोटी उसवण्याखेरीज? वहिनींशी त्यांना पक्कं खोटं बोलायचंच नव्हतं. शब्द दिला म्हणून खरं सांगता येईना, आणि बायको आहे म्हणून नीट फसवताही येईना. मग जे कुणीही पकडेल असं कारण देऊन ते चार वर्षं तिच्यासमोर गप्प बसून राहिले. हे लिहायला नानांनी आणि त्यांच्या पुतण्यानं मला परवानगी दिली आहे. पुतण्या म्हणाला, आता कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे, फक्त नावं घालू नका.

वहिनी दहा दिवसांत पहिल्यांदा रडल्या. पदर तोंडाला लावून, अगदी मोकळ्या. मग भिंतीवरच्या दादांच्या फोटोकडं बघून भांडल्यासारख्या म्हणाल्या, "मला सांगितलं असतं तर मी काय गावभर केलं असतं होय?"  वहिनींनी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि जरा वेळानं स्वतःच म्हणाल्या, "केलं असतं म्हणा. तिसऱ्या दिवशी बहिणीच्या कानावर गेलं असतं." त्या उठल्या. नानांना म्हणाल्या, "हात धुवा, जेवायला बसा." आणि दादा रोज जिथं बसायचे, खिडकीखाली, तिथं त्यांनी स्वतःच्या हातानं पाट मांडला.